चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सुटका झाली. आता परिविक्षा अधिकाऱ्यांची देखरेख म्हणजे नेमके काय असते?

प्रश्न : वारणाकाठ

नमस्कार. माझ्या धाकट्या चुलत भावाविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. आमचे गाव सांगली जिल्ह्यात आहे. २०२१ च्या पावसाळ्यात शेताच्या बांधावरून भावकीत भांडण झाले आणि त्यात त्याने शेजारच्या रानातल्या चुलत्यांच्या हातावर खुरप्याने वार केला. जखम खोल होती, टाके घालावे लागले. गुन्हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ खाली नोंदला गेला. भावाचे वय त्या वेळी २० होते, आता २४ आहे.

गेल्या महिन्यात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला दोषी ठरवले, मात्र तुरुंगवासाची शिक्षा लगेच न सुनावता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सोडले. पहिले एक वर्ष जिल्हा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली राहावे, दारू पिऊ नये, राहण्याचा पत्ता परवानगीशिवाय बदलू नये आणि जखमी चुलत्यांना २०,००० रुपये नुकसानभरपाई द्यावी, अशा अटी आहेत. जामीनदार म्हणून सही मी केली आहे. निकालाआधी परिविक्षा अधिकारी मॅडम एकदा घरी येऊन चौकशी करून गेल्या होत्या, त्यामुळे त्यांची तोंडओळख आहे. पण यापुढे काय होणार, याची घरात कोणालाच कल्पना नाही. आमच्या घरातली चुलती तर दारात गाडी थांबली तरी पोलीस आले असे समजून घाबरते.

माझ्या शंका अशा आहेत. भावाला पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागेल का? त्याला चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत काम मिळत आहे, तिकडे जाता येईल का? त्याने काही चूक केली तर जामीनदार म्हणून माझ्यावर काय येईल? आणि तो पोलीस भरतीची तयारी करत होता, ती आता सोडूनच द्यावी का?

उत्तर : तालुका वकील

आपल्या भावाची सुटका अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली झालेली दिसते. या कलमाचा अर्थ गावाकडे बहुतेक वेळा ‘सुटला’ एवढाच घेतला जातो आणि पुढचे अर्धे घोटाळे तिथून सुरू होतात. आपला भाऊ निर्दोष सुटलेला नाही. त्याची दोषसिद्धी कायम आहे. फक्त शिक्षा सुनावणे न्यायालयाने राखून ठेवले आहे आणि मुदतीत बोलावणे आले तर हजर होऊन शिक्षा घेईन, तोवर शांततेने आणि नीट वागेन, असे त्याने लिहून दिले आहे. मुचलक्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे असू शकते आणि देखरेखीचा आदेश द्यायचाच झाला तर तो एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा देता येत नाही. म्हणजे आपल्याकडे देखरेखीची मुदत कायद्यातील किमान ठेवलेली आहे.

पोलीस ठाण्यातील हजेरीची अट आदेशात नसेल, तर ती देण्याचा प्रश्न नाही. परिविक्षा अधिकारी हे पोलीस खात्याचे नसतात. महाराष्ट्रात हे काम गृह विभागाकडे नसून महिला व बाल विकास विभागाकडे आहे. त्याचे आयुक्तालय पुण्यात आणि कार्यालये प्रत्येक जिल्ह्यात आहेत. आदेशाची प्रत भावाला, जामीनदाराला आणि अधिकाऱ्यांना द्यावी आणि अटी समजावून सांगाव्यात, असे कलम ४ मध्येच म्हटले आहे. आपल्याला प्रत मिळाली नसेल तर आधी ती मागून घ्या, कारण जामीनदाराने अटी न वाचता केलेली सही हे माझ्या पाहण्यातले नेहमीचे दुखणे आहे.

अटींचा भंग झाल्याचे अधिकाऱ्यांच्या अहवालावरून किंवा अन्य मार्गाने न्यायालयाला दिसले, तर कलम ९ खाली समन्स किंवा थेट वॉरंट निघू शकते. समन्स भावाबरोबर जामीनदारालाही निघू शकते. भंग सिद्ध झाल्यास न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते; कलम ३२४ ला ती तीन वर्षांपर्यंत आहे. पहिलाच भंग असेल तर मुचलका चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करण्याची मुभाही न्यायालयाला आहे. १९५८ पासून हा आकडा तसाच राहिला आहे आणि आज तो वाचून पक्षकार हसतात; पण त्याच कलमातील शिक्षेची तरतूद त्यांना दाखवली की हसू मावळते. आपली स्वतःची जबाबदारी मुचलक्यात लिहिलेल्या रकमेपुरती आहे. मुचलका जप्त झाला तर कारणे दाखवा नोटीस येईल आणि रक्कम भरावी लागेल. भावाच्या कृत्यासाठी आपल्याला तुरुंगात जावे लागणार नाही.

चाकणचे नंतर लिहितो, कारण त्यासाठी अर्ज करावा लागतो.

उत्तर : रानवारा

वकील साहेबांना एक विचारायचे आहे. याच कायद्यात २१ वर्षांखालील मुलांना शक्यतो तुरुंगात पाठवू नये, असे कलम आहे ना? घटना घडली तेव्हा मुलगा २० वर्षांचा होता. मग त्याला त्या कलमाचाच लाभ मिळायला हवा होता. तो मिळाला असता तर देखरेखीचीही गरज पडली नसती, असे वाटते.

उत्तर : तालुका वकील

ते कलम ६ आहे, पण त्यासाठी वय घटनेच्या दिवशीचे धरत नाहीत. दोषी ठरवून शिक्षेचा विचार करताना आरोपीचे वय काय आहे ते पाहायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने रामजी मिसर विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात स्पष्ट केले आहे. खटला रेंगाळत गेला आणि मुलगा २४ वर्षांचा झाला, त्यामुळे ते कलम त्याला लागू होत नाही. अर्थात दिरंगाईचा तोटा आरोपीने का सोसावा, हा प्रश्न रास्त आहे. शिवाय २१ वर्षांखालील मुलांनाही कलम ३ (ताकीद देऊन सुटका) किंवा ४ खालीच सोडतात, त्यामुळे त्यांना देखरेख लागत नाही असे नाही. कलम ६ चा खरा उपयोग वेगळा आहे : तिथे न्यायालयाला परिविक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवावाच लागतो आणि तुरुंगवास द्यायचा असेल तर त्याची कारणे लिहावी लागतात.

उत्तर : जुना चौकशी अहवाल

मी परिविक्षा अधिकारी म्हणून दोन-तीन जिल्ह्यांत काम करून निवृत्त झालो आहे. कायद्याची बाजू वकील साहेबांनी मांडलीच आहे, म्हणून मी प्रत्यक्ष कामाविषयी लिहितो.

कलम १४ मध्ये आमची कामे दिली आहेत. शिक्षेपूर्वी गृहचौकशी करून अहवाल देणे हे त्यातले पहिले काम. देखरेखीखालील व्यक्तीवर लक्ष ठेवणे आणि गरज असेल तर तिला योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणे, हे दुसरे. नुकसानभरपाई भरण्याच्या बाबतीत सल्ला आणि साहाय्य देणे हेही आमचेच काम असते, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या चुलत्यांचे २०,००० रुपये एकरकमी जमणार नसतील, तर मुदत संपण्याची वाट न पाहता मॅडमना आताच सांगा. हप्त्यांसाठी न्यायालयात अर्ज कसा करायचा, हे त्या सांगतील आणि आपल्या अहवालात घरची परिस्थितीही नमूद करू शकतील. मुदत उलटल्यावर दिलेली तीच सबब पळवाट वाटते.

पहिल्या भेटीत मी आदेशाची प्रत मुलाच्या हातात देऊन त्यालाच वाचायला लावत असे आणि मग प्रत बाजूला ठेवून, ‘आता तू मला सांग, तुला काय काय करायचे नाही,’ असे विचारत असे. ‘साहेब, भांडण करायचं नाही आणि प्यायची नाही,’ एवढे सगळेच सांगत. गाव सोडण्याआधी कळवायचे, ही अट मात्र बहुतेकांच्या ध्यानातच राहिलेली नसे. पुढे मुचलका मोडण्याची वेळ ज्यांच्यावर येई त्यांच्यात नवा गुन्हा करणारे थोडे आणि न सांगता ऊसतोडीला, गवंडीकामाला किंवा मुंबईला निघून गेलेले जास्त असत. त्यांनी काही वाईट केलेले नसे; पण आम्ही घरी जावे तर कुलूप, फोन बंद, आणि न्यायालयाला अहवालात ‘व्यक्ती आढळून आली नाही’ एवढेच लिहिता येई.

गृहभेट मी शक्यतो तिन्हीसांजेला ठेवत असे. दिवसा सगळे रानात असतात आणि ओट्यावर फक्त म्हातारी माणसे भेटतात. सरकारी गाडी मिळाली तरी ती मी चावडीपाशीच सोडत असे आणि पुढे चालत जात असे, कारण दाराशी सरकारी गाडी लागली की दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा होते आणि मुलाला मिळणारे कामही जाते. आईला ‘मुलगा कसा वागतो’ असे विचारून काही हाती लागत नाही. कोणतीही आई ‘सोन्यासारखा आहे’ असेच म्हणणार. त्याऐवजी गेल्या महिन्याची मजुरी त्याने कोणाच्या हातात दिली, रात्री त्याच्यासाठी जेवायचे थांबता की ताट झाकून ठेवता, बहिणीच्या सासरी तो शेवटचा कधी गेला होता, असे विचारले की घरातले खरे चित्र आपोआप समोर येते. एका घरी आजीने, ‘ताट झाकूनच असतंय, सकाळी कुत्र्याला घालतो,’ असे सहज सांगितले आणि मुलगा पुन्हा कोणाच्या नादाला लागला आहे, ते मला पुढे फारसे विचारावे लागले नाही. त्या मुलाविरुद्ध मी लगेच अहवाल पाठवला नाही. आधी त्याच्या मामाला बोलावून घेतले आणि तालुक्याच्या गॅरेजमध्ये त्याला काम लावून दिले. हे काम कायद्याच्या चौकटीतलेच आहे, मेहेरबानी नव्हे, हे नव्या अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगत आलो.

अटक करण्याचा अधिकार परिविक्षा अधिकाऱ्याला नाही. मुलगा ऐकत नसेल तर न्यायालयाला कळवणे, एवढेच त्याच्या हाती असते. पण न्यायालय त्या कागदाला वजन देते, म्हणून त्यात काय लिहिले जाईल हे मुलाच्या वागण्याइतकेच त्याच्या संपर्कात राहण्यावरही अवलंबून असते. ठरलेल्या दिवशी येता आले नाही, तर एक फोन करावा. पेरणी, आजारपण, घरात मयत, ही कारणे कोणताही समजूतदार अधिकारी मान्य करतो. न कळवलेली गैरहजेरी मात्र तशीच नोंदली जाते.

एक अडचण स्पष्टच सांगतो. जिल्हा कार्यालयातील याच अधिकाऱ्यांकडे बाल न्याय अधिनियमाखालचीही कामे असतात. विधिसंघर्षग्रस्त बालकाचा, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाचा, सामाजिक तपास अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो आणि त्याला उशीर चालत नाही, त्यामुळे प्रौढ परिविक्षाधीनांच्या भेटी मागे पडतात. मॅडमचा महिना-महिना फोन आला नाही म्हणून देखरेख संपली, असे समजू नका. भावाने स्वतः ठरावीक दिवशी कार्यालयात जाऊन यावे, भेटीची नोंद झाली आहे ना ते पाहावे आणि कामाच्या ठिकाणची वेतनपावती किंवा मुकादमाची चिठ्ठी सोबत न्यावी. फाईलमध्ये असे कागद असले की वर्षाअखेरचा अहवाल लिहिताना अधिकाऱ्याला आठवणीवर विसंबावे लागत नाही.

उत्तर : बांधापलीकडे

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या वडिलांना असेच बांधाच्या भांडणात मारले होते. मारणाऱ्याला न्यायालयाने असेच सोडले आणि दुसऱ्या दिवशी तो पारावर बसून आमच्याकडे बघून हसत होता. त्याच्या घरची परिस्थिती, त्याची आई, त्याची मजुरी, सगळ्याची चौकशी झाली. आमच्या घरी मात्र कोणी आले नाही. वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटे अजून वळत नाहीत, धार काढायला आई बसते. किमान त्याला गावातली गटारे साफ करायला तरी लावायचे होते. इथल्या सगळ्या चर्चेत जखमी माणूस फक्त ‘२०,००० रुपये’ म्हणून आला आहे, हे मला खटकले.

उत्तर : जुना चौकशी अहवाल

ताई, आपला आक्षेप योग्य आहे आणि तो मी टाळणार नाही. गृहचौकशी ही मुळात आरोपीच्या घराची आणि पूर्वायुष्याची असते. जखमी व्यक्तीचे म्हणणे घ्यायलाच हवे, असे कलम १४ मध्ये नाही. मी स्वतः शक्य तिथे पलीकडच्या घरीही जात असे, कारण दोन्ही घरे एकाच पाणंदीवर असताना तो मुलगा गावात राहिला तर पुढे काय होईल, याचा अंदाज पलीकडच्या उंबऱ्यावर बसल्याशिवाय येत नाही. परंतु हे अधिकाऱ्यागणिक बदलते, आणि तसे बदलू नये, असे माझे मत आहे.

तरीही आपल्या हाती काही गोष्टी आहेत. सुटलेला माणूस खुन्नस देत असेल, वाट अडवत असेल किंवा धमकावत असेल, तर ते जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोचपावती घ्या. शांततेने वागण्याची हमी हाच त्या मुचलक्याचा गाभा असतो, त्यामुळे अशा तक्रारीची चौकशी करणे त्यांच्या कामातच येते. आपल्याला त्याच्या तोंडासमोर जाऊन बोलण्याची गरज नाही. अधिकाऱ्यांच्या अर्जावरून न्यायालय कलम ८ खाली अटी बदलू शकते, नव्या घालू शकते आणि एकूण तीन वर्षांच्या मर्यादेत मुदतही वाढवू शकते. त्याआधी त्या व्यक्तीला आणि जामीनदाराला म्हणणे मांडण्याची संधी मात्र द्यावी लागते.

उत्तर : तालुका वकील

ताईंच्या प्रश्नात दोन मुद्दे कायद्याचे आहेत. गटार साफ करणे, म्हणजे समाजसेवेची शिक्षा, ही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्रथमच आली आहे. तीही किरकोळ चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, बदनामी अशा मोजक्या गुन्ह्यांनाच आहे. शस्त्राने दुखापत करण्याला ती नाही. नुकसानभरपाई ठरवून दिली असेल आणि ती भरली गेली नाही, तर कलम ५ प्रमाणे ती दंडासारखी वसूल करता येते. शिवाय दिवाणी न्यायालयात वेगळी भरपाई मागण्याचा हक्क तिने संपत नाही, फक्त मिळालेली रक्कम तिथे हिशेबात धरली जाते. अशा सुटकेच्या आदेशाविरुद्ध अपिलाची तरतूद कलम ११ मध्ये आहे. ते कोणी आणि किती मुदतीत करायचे, हे आपल्या वकिलांना कागद दाखवून विचारा.

आता मूळ प्रश्नातील राहिलेल्या दोन गोष्टी. पोलीस भरतीबाबत खोटी आशाही नको आणि हातपाय गाळणेही नको. कलम १२ असे सांगते की, कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे एरवी लागू होणारी अपात्रता लागणार नाही. पण दोषसिद्धी पुसली जात नाही. युनियन ऑफ इंडिया विरुद्ध बक्षी राम (१९९०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सीमा आखून दिली आहे. भरतीच्या साक्षांकन नमुन्यात ‘आपल्यावर गुन्हा दाखल होता का, आपण दोषी ठरला होतात का’ असे विचारतात, तिथे खरे तेच लिहिले पाहिजे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालानंतर माहिती दडवणे हा उमेदवारीच्या विरोधात जाणारा स्वतंत्र मुद्दा ठरतो. खरी माहिती दिल्यावरही पोलीस दलासारख्या शिस्तीच्या नोकरीत त्याला योग्य मानायचे की नाही, हे भरती करणारे ठरवतील, आणि शस्त्राने दुखापत हा गुन्हा त्यांना हलका वाटेलच असे नाही. मी त्याच्या जागी असतो, तर भरतीचा अर्ज भरला असता, पण चाकणचे काम हातचे जाऊ दिले नसते.

चाकणसाठी मार्ग असा. पत्ता न बदलण्याची अट न्यायालयाने घातली आहे, त्यामुळे ती शिथिल करण्याचा अधिकारही न्यायालयाचाच आहे. मॅडमनी फोनवर ‘जा’ म्हटले तरी तेवढ्यावर निघू नका. आधी मॅडमना भेटून कंत्राटदाराचे नेमणुकीचे पत्र आणि तिथे कोणाकडे राहणार त्याचा पत्ता द्यावा. कलम ८ खाली अटीत बदल करण्याचा अर्ज अधिकाऱ्यांमार्फतच जातो. देखरेख पुणे जिल्ह्यातील अधिकाऱ्यांकडे सोपवायची असेल, तर कलम १३ खाली न्यायालय त्या जागी दुसरा अधिकारी नेमू शकते.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बांधापलीकडे ताई, आपण लिहिलेले मी घरात वाचून दाखवले. चुलते आमच्याच भावकीतले असूनही गेली चार वर्षे त्यांच्या घरी आमच्यापैकी कोणी पाऊल ठेवलेले नाही, हे खरे आहे.

आदेशाची प्रत काढून आणली आहे. तीत राहण्याची अट ‘सध्याच्या पत्त्यावर’ अशी आहे आणि मुचलक्याची रक्कम १५,००० रुपये आहे. मॅडमना फोन केला, त्यांनी सोमवारी बोलावले आहे. कंत्राटदार मात्र नेमणुकीचे पत्र द्यायला तयार नाही, ‘आधी पोरगं पाठवा, मग बघू’ असे म्हणतो. पत्राशिवाय अर्ज चालेल का? आणि खटल्याविषयी कंत्राटदाराला सांगावे लागेल का?

उत्तर : जुना चौकशी अहवाल

पत्र नसले तरी अर्ज थांबत नाही. कंत्राटदाराचे नाव, फोन, काम कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या पाळीत आहे, खोली कोणाची आणि तिथे सोबत कोण राहणार, एवढे एका कागदावर लिहून भावाने सही करून द्यावे. खोलीवर गावचा किंवा नात्यातला कोणी असेल तर त्याचे नाव आवर्जून घाला, कारण पुण्याकडील अधिकाऱ्यांना पहिल्या भेटीसाठी ओळखीचे माणूस लागते. मॅडम चौकशी करून आपला अभिप्राय जोडतील.

कंत्राटदाराला अधिकारी सरसकट काही सांगत नाहीत. शिक्षेपूर्वीचा अहवालही कलम ७ प्रमाणे गोपनीय असतो. न्यायालयाला वाटले तर त्याचा आशय आरोपीला कळवता येतो आणि त्याविरुद्ध पुरावा देण्याची संधी देता येते, पण तो गावात वाचून दाखवायचा कागद नव्हे. मी मालकाकडे चौकशीला जाताना मुलाला आधी विचारत असे आणि पुष्कळदा ‘महिला व बाल विकास कार्यालयातून आलो आहे, याच्या कामाची माहिती हवी आहे’ एवढेच सांगत असे. कारखान्याने चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, तर मात्र तिथे खरे सांगावे लागेल. सोमवारी जाताना भावासोबत आपणही जा, जामीनदाराने पहिल्या भेटीला हजर असलेले अधिकाऱ्यांना आवडते. आणि नुकसानभरपाईचा पहिला हप्ता भरला असेल तर त्याची पावती बरोबर असू द्या.